दोनशे पंचावन्न घरं

१

बोरिवलीच्या नाट्यगृहात उपनगर करंडक एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी चालू होती. नाट्यगृहात खायला बंदी होती, म्हणून सहाव्या रांगेतले लवू परब रुमालाआड धरून वडापाव खात होते. रंगमंचावर मुलुंडच्या 'आरंभशूर' संस्थेची एकांकिका शेवटाला आली होती. उत्तरा देवधर त्या संस्थेची लेखिका, दिग्दर्शिका आणि नायिका, तिन्ही एकटीच. ती पुढे आली आणि तिने शेवटचं स्वगत सुरू केलं.

"तीस वर्षं बाबा ट्रंक भरत होता, दर मे महिन्यात. या वेळी चावी लावली, पण गाडी सुटायच्या आधीच बाबा..."

तिने हात जोडून वर पाहिलं.

"देवा, घरी गेला."

मागच्या अंधारातून एक म्हातारा ट्रंक घेऊन हसत हसत उजेडात चालत आला. प्रेक्षकांत कुणीतरी नाक ओढलं. लवूकाकांचा घास तोंडातच राहिला.

"ट्रंक उघडली तर आत फक्त गावच्या घराची किल्ली. ती घेऊन मी थेट गावी गेले. घर पडलं होतं, पण पाय..." उत्तराने स्वतःच्या पायांकडे पाहिलं, एक पाऊल उचललं, तसंच धरलं. "वाट मळलेली होती. रोज कुणीतरी येत होतं."

पडदा. टाळ्या थांबेनात. एक परीक्षक उभे राहून वाजवत होते.

लवूकाका चौसष्ट वर्षांचे. वीज कंपनीत मीटर वाचण्यात नोकरी सरली, आणि संध्याकाळी दहिसरच्या 'पडवी' नाट्यसंस्थेसाठी एकांकिका लिहिण्यात आयुष्य. आत्ता ऐकलेलं स्वगत त्यांचं होतं. दोन वर्षं घासूनपुसून लिहिलेलं, स्वतःच्या वडिलांवरचं. फक्त दोन जागी ते हललं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'बाबा देवाघरी गेला.' आणि, 'पण पायवाट मळलेली होती.' बाकी अक्षर न् अक्षर तेच.

आणि 'पडवी'चा प्रयोग पुढच्या शनिवारी, याच मंचावर, याच स्वगतावर संपणार होता.

मध्यंतरात ते स्पर्धेच्या टेबलापाशी गेले. कार्यवाहांनी शांतपणे ऐकून घेतलं. "परब, दोन संस्थांचा मजकूर एकच निघाला तर नंतरची बाद होते. नियम आहे. तुमचा मजकूर आधीचा असेल तर शुक्रवारपर्यंत पुरावा आणा. कसा बाहेर गेला तेही सांगा."

शेजारी बसलेल्या सुबोध तावडेने त्यांना पाण्याची बाटली दिली. स्पर्धेची वेबसाइट, मेल, प्रवेशिका सगळं हा तरुण विनामोबदला सांभाळायचा. "बसा काका," तो म्हणाला. "तुम्हाला घाम आलाय."

लवूकाका बसले नाहीत. मागे 'पडवी'ची मंडळी उभी होती. त्यांत श्रुतिका घाडी होती. स्वगत म्हणणारी मुलगी, पाच वर्षं काकांच्या हाताखाली तयार झालेली.

"तू आणि ती उत्तरा एकाच लॅबमध्ये कामाला ना?" काकांनी विचारलं.

"हो, काका."

"मग तालमीला उद्यापासून येऊ नकोस."

२

दर्शना ओव्हाळ अंधेरीत एका होस्टिंग कंपनीत होती. लोकांना वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, आणि त्या नावाची मेल विकणारी कंपनी. दर्शनाचं काम हरवलेल्या मेल शोधण्याचं. कुणाचं टेंडर पोचलं नाही, कुणाचं लग्नाचं आमंत्रण स्पॅममध्ये पडलं. मग दर्शना बसायची, एकेक टप्पा मागे जायची, आणि मेल कुठे चुकली ते सांगायची. तिचे वडील धोंडिराम पोस्टात टपालाची वर्गवारी करायचे. अर्ध्या पत्त्याची पत्रंही ते पोचती करायचे, आणि लेक पगार घेऊन तेच करते याचा त्यांना फार अभिमान होता.

रविवारी सकाळी श्रुतिका तिच्याकडे आली. दोघी दहिसरला एकाच इमारतीत राहायच्या.

"दर्शू, माझी वाट लागलीय."

सगळं सांगून झाल्यावर दर्शनाने एकच विचारलं, "स्वगत पूर्ण कोणाकोणाला माहीत होतं?"

"तिघांनाच. काकांना, मला, आणि केतनला. काकांनी शेवट लपवून ठेवला होता गं, प्रवेशिकेसोबतही दिला नव्हता. तालमीत ती जागा आली की मी गप्प उभी राहायचे आणि मनात म्हणायचे. बाकीचे मला बघून हसायचे."

"केतन कोण?"

"केतन साळवी. क्लासमध्ये कोडिंग शिकवतो. आमची वेबसाइट तोच बघतो, आणि प्रयोगाला विंगेत उभा राहून वाक्यांची आठवण करून देतो. काकांचं हस्ताक्षर त्यानेच टाइप केलं."

"आणि उत्तरा तुझी मैत्रीण?"

"डबा एकत्र खातो. तिच्या एकांकिकेला शेवट सुचत नव्हता, हे मला माहीत होतं. मला सुचवायला सांगत होती. हे काकांनापण माहीत आहे. मीच हसत हसत सांगितलं होतं."

दर्शनाने मान हलवली. कारण होतं, संधी होती, आणि संशयित स्वतःच्या तोंडाने दोन्ही सांगत होती.

"तू दिलंस का?"

"नाही."

"बरं. मग मला काकांकडे घेऊन चल."

"मला ते दारात उभं करणार नाहीत."

"तू खाली थांब," दर्शना चपला घालत म्हणाली. "मी एकटी जाते."

३

लवूकाकांच्या पत्नी जानकीबाईंनी दर्शनापुढे घावणे आणि चटणी ठेवली, आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "त्या पोरीन काय केलां नाय. पण सांगूचा कोणाक?"

काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यांनी वही उघडून दर्शनासमोर धरली.

"हे माझं अक्षर. काय दिसतं?"

अक्षर टपोरं होतं, पण वरची शिरोरेघ पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. शब्द संपला तरी रेघ तुटत नव्हती. सगळी ओळ एकाच दोरीवर वाळत घातल्यासारखी.

"शाळेपासूनची सवय," काका म्हणाले. "रेघ एकदाच ओढायची. आता नीट ऐक. ती उत्तरा म्हणाली 'देवा, घरी'. मी लिहिलंय 'देवाघरी'. ती म्हणाली 'पाय, वाट'. मी लिहिलंय 'पायवाट'. म्हणजे काय? वाचणारा माझ्या अक्षरात अडकला. शब्द कुठे संपतो ते त्याला कळलं नाही. टाइप केलेल्यात असं होत नाही. म्हणजे चोरी या वहीच्या झेरॉक्सवरून झाली. आणि झेरॉक्स एकच आहे. श्रुतिकाकडे."

दर्शनाने घावणा खाली ठेवला. तर्क चोख होता. तिला तो आवडला नाही, पण चूक कुठे आहे तेही सापडेना.

तेवढ्यात केतन आला. उंच, चिडका, हातात मोबाइल. "काका, स्पर्धावाल्यांना माझ्यासमोर आणू नका. एकतर आपली प्रवेशिका त्यांच्याकडे स्पॅममध्ये पडली, आणि वर तो सुबोध मलाच शिकवतोय." त्याने मेसेज दाखवला. तारीख होती पाच नोव्हेंबर.

'तुमची मेल स्पॅममध्ये गेली होती. मी तुमच्या डोमेनच्या टेक्स्ट नोंदी उघडून पाहिल्या. मेल कुठल्या सर्व्हरवरून येऊ शकते ती ओळ दोनदा आहे. दोन असल्या की तपासणी फसते. एक काढा. सुबोध.'

"बरोबर सांगितलंय त्याने," दर्शना म्हणाली. रोज दहा जणांना ती हेच सांगायची.

"बरोबर आहे गं. मी काढली पण. पण बोलायची पद्धत असते ना."

दर्शनाने वहीच्या पानाचा फोटो काढला आणि निघाली. जिन्यात तिने तो मोठा करून पाहिला. स्वगतात पंचेचाळीस शब्द होते, आणि पंचेचाळीसही शब्द एकाच रेघेला लटकलेले. ती दुसऱ्या मजल्यावर थांबली.

अडखळणारा माणूस पंचेचाळीस ठिकाणी अडखळला असता. हा फक्त दोनच ठिकाणी का अडखळला?

४

सोमवारी दुपारी मालाडच्या लॅबमध्ये उत्तरा रिपोर्टच्या खिडकीमागे डबा खात होती. समोरची खुर्ची रिकामी होती. श्रुतिकाने रजा टाकली होती.

"मी श्रुतिकाची मैत्रीण," दर्शना म्हणाली.

उत्तराने चमचा ठेवला. "हे बघ, मी काही चोरलेलं नाही. मला ते एका व्यक्तीने लिहून दिलं. स्वतः लिहिलेलं. ती व्यक्ती लाजाळू आहे, नाव सांगू नको म्हणाली आहे, आणि मी शब्द दिलाय. परब काकांचं आणि तिचं कसं जुळलं, मला खरंच माहीत नाही."

"ती व्यक्ती श्रुतिका आहे का?"

"मी होही म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

"तिला संस्थेतून काढलंय."

उत्तराचा चेहरा पडला. तिने मोबाइल काढला, पाठवणाऱ्याच्या नावावर अंगठा ठेवला आणि मेसेज दर्शनासमोर धरला. "वाच. आणि मला सांग, एवढं सुंदर लिहिणारी व्यक्ती चोर असेल?"

दर्शनाने वाचलं. मजकूर तीन तुकड्यांत होता. पहिला तुकडा 'बाबा देवा' इथे संपत होता. दुसरा 'घरी गेला'पासून सुरू होऊन 'पण पाय'वर थांबत होता. तिसऱ्यात उरलेलं 'वाट मळलेली होती. रोज कुणीतरी येत होतं.'

"स्वल्पविराम तू घातलास?"

"हो, म्हणताना. लिहिलेल्यात नव्हता. 'बाबा देवा' आणि खाली 'घरी गेला'. मी रात्रभर विचार केला, आणि मला ते दिसलं. बाबा गेला, पण घरी गेला. म्हणून तो म्हातारा ट्रंक घेऊन येतो." तिचे डोळे चमकले. "मुक्तछंदासारखं तोडलंय ना ते. मी विचारलं, ओळ इथेच का तोडलीस? तर म्हणाला, भावना तिथे थांबते."

"म्हणाला?"

उत्तराने जीभ चावली. इतका वेळ 'व्यक्ती' या शब्दाने तिला सांभाळून घेतलं होतं.

दर्शना डबा संपेपर्यंत थांबलीही नाही. श्रुतिका सुटली होती. पण स्वगत पूर्ण माहीत असलेले पुरुष दोनच. एक लवूकाका स्वतः.

दुसरा केतन.

५

"मी?" मंगळवारी अंधेरीच्या ऑफिसात केतन दर्शनाच्या टेबलासमोर बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "मी त्या उत्तराला ओळखतपण नाही."

"मग स्वगत तू आणखी कुठे ठेवलं होतंस ते सांग. टाइप केलंस, मग?"

"कुठे नाही."

"केतन."

तो पेन उघडझाप करू लागला. "म्हणजे, एका जागी ठेवलं होतं. पण तिथे कोण बघतं? त्या नाट्यगृहाच्या तळघरात रंगीत तालीम होती, चार तारखेला. तिथे मोबाइलला रेंज नाही. वायफाय आहे, पण पासवर्ड मागतं. आत जाऊ देत नाही. फक्त एक गोष्ट जाऊ देतं. डोमेनच्या नावाची चौकशी."

दर्शना हळूच हसली. "म्हणून तू स्वगत टेक्स्ट नोंदीत टाकलंस."

"तीन तारखेला. सोमवारी. छोटं ॲप लिहिलं. नुसतं फोनमध्ये ठेवता आलं असतं, पण मला ही युक्ती करून बघायची होती. मी विंगेतून फोनवर विचारायचं, 'पडवीच्या टेक्स्ट नोंदीत काय आहे?' आणि स्वगत समोर. झकास चाललं."

"काढलं का नंतर?"

"राहून गेलं."

दर्शनाने स्क्रीन त्याच्याकडे वळवली आणि 'पडवी'च्या डोमेनची नोंद मागवली. ही नोंद म्हणजे डोमेनच्या दारावरची पाटी. मालकाने तिच्यावर काहीही लिहावं आणि जगात कुणीही येऊन वाचावं, कुलूप नाही. बहुतेक लोक तिच्यावर मेलच्या सूचना लिहितात. इथे मेलच्या ओळीखाली लवूकाकांचे वडील होते. अवतरणचिन्हांतले तीन तुकडे. पहिला 'देवा'वर संपलेला. दुसरा 'पाय'वर.

"मी असं तोडलं नाही," केतन पुटपुटला. "मी सलग टाकलं होतं."

"तू नाही तोडलंस. नोंदीनेच तोडलं. एका तुकड्यात दोनशे पंचावन्न घरं असतात. जास्त झालं की पुढचा तुकडा सुरू. अर्थ, शब्द, काही बघत नाही." तिने कागद घेतला. "मराठी अक्षराला तीन घरं लागतात. कान्याला तीन, मात्रेला तीन, अनुस्वाराला तीन, जोडाक्षर जोडणाऱ्या हलंतालाही तीन. मोकळ्या जागेला आणि विरामचिन्हाला एकेक. मोज. 'तीस'पासून 'देवा'पर्यंत."

दोघांनी बोटं ठेवून मोजलं. अक्षरं आणि चिन्हं मिळून अठ्ठ्याहत्तर. त्रिक दोनशे चौतीस. जागा आणि विरामचिन्हं एकवीस. एकूण दोनशे पंचावन्न. मग 'घरी'पासून 'पाय'पर्यंत. सत्त्याहत्तर त्रिक दोनशे एकतीस, वर चोवीस. पुन्हा दोनशे पंचावन्न.

"म्हणजे वहीवरून नाहीच," केतन म्हणाला. "इथून गेलं. म्हणजे माझ्यामुळे." त्याने तोंडावर हात ठेवला. "आणि मी श्रुतिकाला दोन दिवस फोनपण केला नाही."

"तुझ्यामुळे, पण तू नाहीस. तुझ्या फाइलमध्ये 'देवाघरी' सलग आहे. आणि ॲपमध्ये तुकडे कसे जोडलेस?"

"मध्ये काही न घालता. तोच नियम आहे. पहिल्यांदा मी चुकून जागा सोडली होती, 'देवा घरी' दिसलं, लगेच सुधारलं."

"म्हणजे जोडायचं असतं हे तुला माहीत होतं. चोराला माहीत नव्हतं, किंवा त्याने तसदी घेतली नाही. त्याने नोंद उघडी करून तीन तुकडे उचलले आणि तसेच पाठवले. मग उत्तराने कारण विचारलं तेव्हा भावनेवर ढकललं."

"पण नोंद कुणीही उघडू शकतं, दर्शना. न्यूझीलंडमधला माणूससुद्धा."

"उघडू शकतं. पण कशाला उघडेल? मी सहा वर्षं हेच काम करतेय. माणूस त्या पाटीकडे एकाच कारणाने जातो. मेल पोचत नाही तेव्हा." तिने हात पुढे केला. "तुझा फोन दे. पाच तारखेचा मेसेज काढ."

६

संशय म्हणजे पुरावा नव्हे. बुधवारी सकाळी केतनने नोंदीतलं स्वगत काढून टाकलं. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दर्शना बोरिवलीला स्पर्धेच्या कार्यालयात गेली. वाचनालयामागची खोली, दोन टेबलं, गेल्या वर्षीचे करंडक पुसत बसलेला सुबोध.

"मी 'पडवी'कडून आलेय. मेलचं काम आता मी बघते," ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं, कालपासून ती बघतच होती. "आमच्या मेल परत अडकताहेत का विचारायला आले."

"नाही. ती दुहेरी ओळ काढल्यावर नीट येताहेत."

"मला वाटलं, नोंदीतला तो जास्तीचा मजकूर नडत असेल. काढून टाकू का?"

"छे, काही गरज नाही." सुबोध खुशीत आला. कुणी असं विचारलं की त्याला आवडायचं. "सर्व्हर फक्त मेलची ओळ शोधतो. त्या मराठी मजकुराकडे तो बघतही नाही."

दर्शनाने खुर्ची ओढून घेतली.

"मी मराठी म्हटलं नाही, सुबोध."

तो करंडक पुसत राहिला. मग फडकं थांबलं.

"आज नोंद उघडलीस तर तिथे मराठी नाही," ती म्हणाली. "सकाळीच काढलंय. म्हणजे तू ते आधी वाचलंयस. तीन तुकडे होते, नाही का? आणि भावना तिथे थांबते."

सुबोधने करंडक खाली ठेवला. तो अठ्ठावीसचा होता, पण त्या क्षणी बराच लहान दिसला.

"मला कुणाचंच वाटलं नाही ते. खरं सांगतो. लोक नोंदीत काय वाट्टेल ते टाकतात. कुणी गाण्याची ओळ टाकतं, कुणी विनोद. मला वाटलं, कुणीतरी चाचणीसाठी मजकूर टाकलाय. नाटकाचा शेवट तिथे कोण ठेवेल?" त्याने घसा साफ केला. "त्याच आठवड्यात उत्तरा प्रवेशिका द्यायला आली होती. म्हणाली शेवट सुचत नाही. मी म्हणालो, मी थोडंफार लिहितो. का म्हणालो, माहीत नाही. तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं हो."

"आणि मग पाठवलंस."

"मग पाठवलं."

"शनिवारी परब काका टेबलाशी आले, तेव्हा तुला कळलं."

"तेव्हाच कळलं." तो खाली बघत होता. "मी त्यांना पाणी दिलं. पुढे बोलायला तोंड उघडेना."

"मजकूर उचललास, ती चूक मी समजू शकते. आम्ही दारावर लिहून ठेवलं होतं." दर्शनाचा आवाज चढला नव्हता, पण सुबोधने मान आणखी खाली घातली. "पण तुझ्या देखत काकांनी श्रुतिकाला बाहेर काढलं. त्यानंतर चार दिवस तू गप्प बसलास. ते मला समजत नाही."

"मी काय करू आता?"

"कार्यवाहांना लिहून दे. ते सोपं आहे. अवघड ते उद्या. उत्तराला घेऊन दहिसरला यायचं."

७

गुरुवारी संध्याकाळी जानकीबाईंचं घर भरलं. केतन, दर्शना, उत्तरा, दाराजवळ सुबोध. श्रुतिका शेवटी आली आणि चपला न काढता उभी राहिली.

सुबोधने सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं, पण काही गाळलं नाही. 'मी थोडंफार लिहितो' हेसुद्धा. उत्तरा भिंतीकडे बघून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "भावना तिथे थांबते म्हणे." आणि सुबोधकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला ती शिक्षा पुरेशी झाली.

कार्यवाहांचा निरोप आला होता. 'पडवी'चा मजकूर 'पडवी'चाच. 'आरंभशूर'ने शनिवारी नवा शेवट करून पुन्हा प्रयोग करावा, त्यांची चूक धरली जाणार नाही. सुबोधने यंदा प्रवेशिका हाताळू नयेत.

सगळ्यांना माहीत होतं की अजून एक गोष्ट राहिलीय.

लवूकाका उठले. श्रुतिकासमोर जाऊन उभे राहिले. "मी तर्क केला," ते म्हणाले. "तर्क छान होता, म्हणून मला खरा वाटला. तुला विचारायला हवं होतं. विचारलंच नाही मी."

"काका, मला पाच वर्षं ओळखता."

"हो. त्याचीच लाज वाटते."

श्रुतिकाने नाक पुसलं. "तालमीला किती वाजता येऊ?"

"आत्ताच सुरू करू. चपला काढ आधी."

जानकीबाई आतून ताटल्या घेऊन आल्या आणि सगळे एकदम बोलायला लागले. त्या गलक्यात उत्तरा काकांजवळ जाऊन बसली.

"एक सांगू, काका? रागावू नका. तुमचं वाक्य चुकून तुटलं, पण तुटलेलं जास्त चांगलं आहे. 'बाबा, देवा, घरी गेला.' लोक रडले हो. मी आता ते करणार नाही. तुम्ही करा. तुमचंच आहे."

केतननेही मान डोलावली. दर्शनालाही मनातून तसंच वाटत होतं. परीक्षक उभे राहिले होते, हे काही खोटं नव्हतं.

काकांनी ताटली खाली ठेवली. मग हळू बोलले, आणि बोलताना त्यांची भाषा गावाकडे गेली.

"चांगला आसा. माका पण आवाडला. त्या म्हाताऱ्याक ट्रंक घेवन येताना बघलंय आणि माझो जीव थंड झालो." त्यांनी तळहातांकडे पाहिलं. "पण माझो बापूस घराक पोचलो असतो, तर ह्या नाटक मी कशाक लिवलं असतं?"

उत्तराने त्यांच्या ताटलीतला उरलेला घावणा उचलला आणि खाल्ला.

शनिवारी आधी 'आरंभशूर'चा प्रयोग झाला. उत्तराने दोन दिवसांत नवा शेवट लिहिला होता, त्यात कुणीच रडलं नाही, पण लोक खूप हसले, आणि ते तिला जास्त शोभलं. मग 'पडवी'. श्रुतिका 'देवाघरी गेला' या शब्दांवर जराही थांबली नाही. ज्या गोष्टीवर रेंगाळलं तर पुढे बोलता येणार नाही, ती माणूस भरकन सांगून टाकतो, तशी ती म्हणून गेली. पडदा पडल्यावरही काही क्षण कुणाला टाळी वाजवायचं सुचलं नाही.

दोन्ही संस्था अंतिम फेरीत गेल्या.

निकालाचा कागद लागला तिथे कार्यवाहांनी लवूकाकांना गाठलं. "परब, ते गावचं घर खरंच आहे का हो?"

"आहे. छप्पर गेलंय. भिंती आहेत."

"मग?"

बाहेर पायऱ्यांवर काकांनी केतनला थांबवलं आणि विचारलं की एक हजार मंगलोरी कौलं, दहिसरहून टेम्पोने मालवणपर्यंत न्यायची तर कुणाशी बोलावं लागेल. केतन म्हणाला, तिकडेच विकत मिळतील काका, इथून कशाला न्यायची. काका म्हणाले, बरं, मग तिकडेच घेऊ. जानकीबाईंनी तिथल्या तिथे पिशवीतून जुनी डायरी काढली, आणि अंतिम फेरीनंतरचा कुठला रविवार मालवणला जायला मोकळा आहे ते एकेकाला विचारायला सुरुवात केली.